ब्ल्यूग्रासच्या वादकांनीं रॉकच्या गीतकारांपासून काय घ्यावें?



एकाच गीताच्या दोन तबकड्यांपासून मी आज आरंभ करतों. अमेरिकेंतील केंटकी राज्याचा रहिवासी बिल मन्रो ह्यानें 'ब्ल्यू मून ऑफ केंटकी' हें स्वतः रचलेलें गीत १९४६ सालीं ध्वनिमुद्रित केलें. चाल संथ, ठेका तीन मात्रांचा, आणि विषय सोडून गेलेल्या प्रेयसीचा. पुढें १९५४ च्या जुलै महिन्यांत मेंफिस शहरांतील एल्व्हिस प्रेस्ली ह्या एकोणीस वर्षांच्या, तोंपर्यंत कोणासहि ठाऊक नसलेल्या ट्रकचालकानें तेंच गीत चार मात्रांच्या धांवत्या ठेक्यांत गाइलें, व तें त्याच्या पहिल्याच तबकडीच्या एका बाजूवर निघालें. मन्रो हा स्वभावानें मोठा मानी. आपल्या गीताचे एका पोरानें असे हाल केलेले ऐकून तो खवळला असेल असें कोणासहि वाटेल. पण त्यानें केलें तें निराळेंच. त्याच वर्षीं त्यानें स्वतःचें गीत पुन्हां ध्वनिमुद्रित केलें. आरंभ पूर्वीच्याच तीन मात्रांच्या संथ चालींत, आणि मग एकाएकीं चार मात्रांची दौड!

ज्या संगीताचा हा मन्रो जनक, त्याला ब्ल्यूग्रास म्हणतात. केंटकीला 'ब्ल्यूग्रास स्टेट' असें टोपणनांव आहे; त्यावरून मन्रोनें आपल्या ताफ्याचें नांव 'ब्ल्यू ग्रास बॉइज' असें ठेविलें, आणि ताफ्याचें नांव पुढें संगीतप्रकारासच चिकटलें. मेंडोलिन, बँजो, फिडल, गिटार आणि उभा मोठा बास हीं ह्याचीं वाद्यें. वीज कोठेंहि नाहीं. स्कॉटलंड-आयर्लंडांतून आलेलीं कथागीतें, निग्रो समाजाचें ब्ल्यूज गायन, चर्चमधील प्रार्थना, हें सर्व त्यांत मिसळलेलें आहे. बँजो हें वाद्य तर मुळांत आफ्रिकेंतून गुलामांबरोबर आलेलें. १९४५ च्या डिसेंबरांत अर्ल स्क्रग्ज हा तरुण तीन बोटांनीं बँजो वाजविण्याची आपली विलक्षण रीत घेऊन मन्रोच्या ताफ्यांत आला, आणि ह्या संगीताचें रूप ठरून गेलें. रॉक त्याच्या मागाहूनचें. १९६० व १९७० च्या सुमाराचीं तीं गाणीं आतां 'क्लासिक' म्हणजे अभिजात मानण्यांत येतात. हें नांवहि त्यांस अमेरिकेंतील रेडिओ केंद्रांनींच मागाहून दिलें.

मी संगीतशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि जन्मभर मुलांस निबंध लिहावयास शिकविलेला मनुष्य आहें. तेव्हां आज जें बोलणार आहें तें निबंध तपासणाराच्या नजरेनें, एवढें आरंभींच सांगून टाकतों.

कांहीं वर्षांपूर्वीं पुतण्याच्या आग्रहावरून टेनेसी राज्यांत दोन महिने राहण्याचा योग आला. तो ज्या लहानशा गांवीं नोकरीस होता, तेथें दर गुरुवारीं सायंकाळीं आगीच्या बंबाच्या ठाण्यामागील खोलींत गांवचे हौशी वादक जमत. खुर्च्यांचें कडें करून बसत. कोणी दांतांचा डॉक्टर, कोणी शिक्षक, कोणी मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांतला कामगार. काय त्यांचें वादन! समोर कागद नाहीं, कोणी खूण करीत नाहीं, आणि तरी पांच वाद्यें एका श्वासानें चालत. मास्तरकीची खोड जात नाहीं, म्हणून मी वहींत गाण्यांचे विषय टिपूं लागलों. पहिल्या सायंकाळीं डोंगरांतली लांकडी झोंपडी सात वेळां आली. म्हातारी आई दारांत वाट पाहत होती ती पांच वेळां. आगगाडी बऱ्याच वेळां. आणि दोन प्रेयसींचा प्रियकरानें नदीकांठीं नेऊन खून केला. कडें करून बसलेल्यांपैकीं एकाचाहि जन्म लांकडी झोंपडींत झालेला नव्हता. बहुतेकांच्या आया शहरगांवच्या पक्क्या घरांत वाढलेल्या.

मला माझ्या वर्गाची आठवण झाली. 'माझें गांव' ह्या विषयावर निबंध घातला कीं चाळींत जन्मलेलीं, गांव कधींहि न पाहिलेलीं मुलें झुळझुळ वाहणारी नदी, देवळाचा कळस आणि मोत्यासारखीं कणसें लिहून आणीत. लबाडी नव्हती ती. निबंध असाच लिहावयाचा असतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. एका वर्षीं एका मुलानें मात्र पहांटे चार वाजतां नळावर लागणाऱ्या बादल्यांच्या रांगेविषयीं लिहिलें. शुद्धलेखनाच्या चुका बावीस होत्या. मीं त्यास वर्गांत सर्वांत अधिक गुण दिले, आणि त्याबद्दल मुख्याध्यापकांचे दोन शब्दहि ऐकून घेतले.

आतां, मन्रोनें स्वतः ही झोंपडी गाइली तेव्हां ती त्याच्या मालकीची होती. दहाव्या वर्षीं त्याची आई वारली, सोळाव्या वर्षीं वडील. रोझिन गांवाजवळ पेन्डल्टन व्हँडिव्हर नांवाचा त्याचा मामा राहत असे. पायानें अधू, पण फिडलवादनांत पंचक्रोशींत नांवाजलेला. त्याच्याच खोपटांत बिल राहिला, आणि रात्रीं नाचाच्या बैठकींत त्याच्या मागें बसून गिटारीची साथ करूं लागला. 'अंकल पेन' हें मन्रोचें गीत ह्या मामाविषयीं आहे, आणि मामा वाजवीत असे त्या गतींचीं नांवेंसुद्धां त्यांत घातलेलीं आहेत. असल्या गीतांना मन्रो खरीं गीतें म्हणे. शिवाय त्या काळचा श्रोताहि तसाच होता. डोंगर सोडून पोटासाठीं डेट्रॉइट, बाल्टिमोर, सिनसिनाटी अशा शहरांत गेलेल्या हजारों कुटुंबांना मागें राहिलेलें घर खरोखरच डोळ्यांपुढें दिसत होतें. त्यांच्या नातवंडांनीं तींच गाणीं गावीं ह्यांत वाईट कांहीं नाहीं. पण त्यांनीं नवीं गाणीं रचतांनाहि आजोबांचेंच घर उसनें घ्यावें हें मला खटकतें. कारण मग हात जिवंत राहतात आणि शब्द तेवढे मरतात.

येथेंच रॉकच्या गीतकारांकडे पाहावें असें मी म्हणतों. पाहावें तें त्यांच्या विजेच्या गिटारीकडे किंवा ढोलांकडे नव्हे, त्यांच्या गीताच्या बांधणीकडे.

चक बेरी हा सेंट लुइस येथील निग्रो गीतकार. त्याच्या पहिल्या यशस्वी गीताचा, 'मेबेलीन'चा (१९५५), उगम 'आयडा रेड' ह्या खेडुतांच्या फिडलच्या गाण्यांत आहे. म्हणजे विहीर एकच. बेरीनें तिच्यांतून पाणी काढून आपल्या काळच्या घागरींत भरलें: मोटार, शाळेची घंटा, टेलिफोन. त्याचें १९५९ सालचें 'मेंफिस, टेनेसी' हें गीत मी आदर्श निबंध म्हणून वर्गांत शिकविलें असतें. एक मनुष्य दूरच्या फोनच्या ऑपरेटरबाईची विनवणी करीत आहे: मेंफिसला मरी नांवाची कोणी आहे, तिचा मला फोन लावून द्या. नंबर त्याच्यापाशीं नाहीं. निरोप त्याच्या काकांनीं घेतला व भिंतीवर लिहून ठेविला. घर कोठें, तर शहराच्या दक्षिणेस, उंचवट्यावर, मिसिसिपीच्या पुलापासून अर्ध्या मैलावर. आपण समजतों, प्रेयसी असावी. मग कळतें कीं मरीच्या आईला हें पटलें नाहीं आणि तिनें घर मोडलें. आणि अगदीं शेवटीं, निघतांना गालांवर अश्रु असलेली ही मरी सहा वर्षांची आहे, हें कळतें. ती त्याची मुलगी! गीत दोन सव्वादोन मिनिटांचें. स्वरसंघ फक्त दोन. 'मी दुःखी आहें' असें त्या बापाला एकदांहि म्हणावें लागत नाहीं. भिंतीवर लिहिलेला निरोप आणि पुलापासूनचें अंतर हींच तें सांगतात. घटस्फोट झालेले बाप आज त्या कड्यांत बसलेल्या मंडळींतहि असतीलच. पण त्यांच्या नव्या गीतांतून ते मला ऐकूं आले नाहींत. व्हर्जिनियाच्या जिम आणि जेसी ह्या बंधूंनीं १९६५ सालींच बेरीच्या गाण्यांची एक आख्खी तबकडी ब्ल्यूग्रासमध्यें काढली होती. म्हणजे वाट अगोदरच पडलेली आहे.

पण तपशील भरला कीं गीत झालें, असें समजूं नये. लिव्हरपूलच्या बीटल्सांपैकीं जॉन लेनन ह्यानें 'इन माय लाइफ' हें १९६५ सालचें गीत प्रथम लिहिलें तें घरापासून गांवांत जाणाऱ्या बसच्या वाटेवरील ठिकाणांची यादी म्हणून. वाचून पाहतां तें त्यालाच कंटाळवाणें वाटलें. मग त्यानें नांवें काढून टाकलीं, आणि बदललेलीं ठिकाणें, हयात असलेले व नसलेले मित्र एवढेंच ठेवलें. लिहिलेलें खोडण्याची ही हिंमत मला फार मोलाची वाटते. मीं शिकविलेल्या मुलांत ती शंभरांत एकालाहि नव्हती. मला तरी कोठें होती?

बांधणीचा दुसरा धडा असा. ब्ल्यूग्रासचें गीत बहुधा कडवें, ध्रुवपद, पुन्हां कडवें, पुन्हां ध्रुवपद असें चालतें. बीटल्स आणि त्यांचे समकालीन मध्येंच एक निराळ्या चालीचा अंतरा घालीत. आठ आवर्तनांचा म्हणून त्याला 'मिडल एट' म्हणत. त्याचा उपयोग केवळ चव पालटण्याचा नव्हे. १९६५ सालच्याच 'वुई कॅन वर्क इट आउट' ह्या गीतांत कडवीं मॅकार्टनीचीं आहेत: भांडण मिटेल, असा आशेचा सूर. मधला अंतरा लेननचा: आयुष्य थोडें आहे, भांडत बसावयास वेळ कोठें? चाल खिन्न होते, आणि त्या अंतऱ्यांत ठेका चाराचा मोडून तीन मात्रांच्या झोकांत जातो. एका गीतांत दोन मनें आहेत आणि दुसरें मन येतांच मात्राच बदलतात. आतां मन्रोची ती १९५४ ची तबकडी आठवा. तीनांतून चारांत जाण्याची युक्ति ब्ल्यूग्रासच्या घरांत होतीच. ती अर्थासाठीं वापरावी हें मात्र पुढें फारसें कोणाला सुचलें नाहीं.

वादनाविषयीं बोललों नाहीं तर वादक मंडळी म्हणतील, मास्तरांना शब्दांपलीकडे ऐकूंच येत नाहीं. त्या बैठकींत प्रत्येक गाण्यांत फिडल, बँजो, मेंडोलिन, गिटार ह्या प्रत्येकाची पाळी येई. मग गीत आईच्या मृत्यूचें असो कीं कोंबड्यांचें. पाळी चुकली तर मनुष्य रुसावयाचा. आणि आईच्या चितेवर, क्षमा करा, त्यांच्यांत थडग्यावर म्हणावें लागेल, बँजोच्या लाह्या फुटूं लागल्या कीं मला कसेंसेंच होई. बीटल्सांचें 'एलिनर रिग्बी' (१९६६) घ्या. एकाकी स्त्रीच्या मरणाचें हें गीत. त्यांत चौघां बीटल्सांपैकीं एकानेंहि वाद्य वाजविलेलें नाहीं. चार व्हायोलिनें, दोन व्हायोला आणि दोन चेलो एवढींच साथ. जगांतील सर्वांत प्रसिद्ध ताफा, आणि आपल्याच गीतांत हात जोडून बाजूस उभा राहिला! ब्ल्यूग्रासच्या घरांतहि हें शिकलेली मंडळी आहेत. अ‍ॅलिसन क्रॉस ही फिडल वाजविणारी गायिका आणि रॉकमधला गर्जना करणारा गायक रॉबर्ट प्लँट ह्या दोघांची २००७ सालची 'रेझिंग सँड' ही तबकडी ऐकावी. तिला २००९ सालीं वर्षांतील सर्वोत्तम तबकडीचें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. प्लँटनें तींत आवाज खालीं आणला आहे, आणि जागोजागीं कोणी कांहींच वाजवीत नाहीं.

उलट कांहीं मंडळी रॉककडून नेमकें घेऊं नये तेंच घेतात. वीस वीस मिनिटांची आलापी हा रॉकचा वारसा खरा, पण तो गीतकारांचा नव्हे. दुसरी तऱ्हा म्हणजे प्रसिद्ध रॉक गीतें घेऊन त्यांचे शब्द गाळावयाचे, आणि नुसती सुरावट बँजो-फिडलवर वाजवावयाची. अशा तबकड्यांच्या मालाच निघाल्या आहेत. ऐकावयास मौज वाटते. पण ज्याची वाण आहे तेवढेंच टाकून, जें घरांत रगड आहे तें परत आणण्यासारखें हें झालें.

'आमच्या शुद्ध परंपरेंत हें परकें कशाला?' असा आक्षेप मीं त्याच गांवीं ऐकला. परकें कोठें आहे? 'रॉकी टॉप' हें ब्ल्यूग्रासचें जणूं राष्ट्रगीत. टेनेसीनें तें १९८२ सालीं राज्यगीतांत घेतलें. तें १९६७ सालीं लिहिलें फेलीस आणि बूडलो ब्रायंट ह्या दांपत्यानें. वृद्धांसाठीं संथ गाणीं लिहितां लिहितां कंटाळा आला, म्हणून दहा मिनिटांत! ह्याच दांपत्यानें एव्हर्ली बंधूंसाठीं 'बाय बाय लव्ह' (१९५७) लिहिलें होतें, आणि एव्हर्ली बंधूंचें जोडगायन ऐकून लेनन-मॅकार्टनी जोडीनें गावयास शिकले. आणखी मागें जाऊं. आर्नोल्ड शुल्ट्झ नांवाचा एक निग्रो वादक केंटकींत नाचाच्या बैठकी करी. पोरवयांतला मन्रो त्याच्या साथीस बसे व त्याच्यापासून ब्ल्यूज शिकला. शुल्ट्झची गिटारीची रीत एकाकडून दुसऱ्याकडे जात आइक एव्हर्ली ह्याच्यापर्यंत पोंचली. हा आइक म्हणजे त्या एव्हर्ली बंधूंचा बाप. सोंवळें कोणीं कोणापासून पाळावयाचें?

ह्या देवघेवीचें मला सर्वांत आवडतें उदाहरण डेल मॅकौरीचें. हा १९६३ सालीं मन्रोच्या ताफ्यांत गाणारा, परंपरेंतला पक्का मनुष्य. इंग्लंडांत लोकसंगीत आणि रॉक ह्यांच्या सांध्यावर वाढलेला गीतकार रिचर्ड थॉम्प्सन ह्यानें १९९१ सालीं '१९५२ व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग' हें गीत प्रसिद्ध केलें. व्हिन्सेंट ही इंग्लंडांतील स्टीव्हनेज येथें पूर्वीं बनत असलेली मोटारसायकल. तरणाबांड दरोडेखोर जेम्स, तांबड्या केसांची मॉली, आणि दोघांनाहि भुरळ घालणारी ही काळी गाडी. दरोड्यांत जेम्सला गोळी लागते, आणि मरतांना तो गाडीची किल्ली मॉलीच्या हातीं देतो. सांगाडा सगळा शेंदीडशें वर्षांपूर्वींच्या कथागीताचा, फक्त घोड्याच्या जागीं मोटारसायकल. मॅकौरीनें तें २००१ सालीं ब्ल्यूग्रासमध्यें गाइलें. बदल काय केला? इंग्लंडांतील बॉक्स हिल ह्या ठिकाणाच्या जागीं टेनेसींतलें नॉक्सव्हिल घातलें. पुढच्या वर्षीं आंतरराष्ट्रीय ब्ल्यूग्रास संस्थेनें त्याला वर्षांतील उत्कृष्ट गीत ठरविलें. थॉम्प्सनच्या मूळ गिटारीला तोड नाहीं. तरीहि मॅकौरीच्या त्या उंच, कोरड्या गळ्यांतून जेम्स मरतो तेव्हां तो मला अधिक खरा वाटतो. दुःख एवढेंच कीं असें गीत ब्ल्यूग्रासवाल्याला इंग्लंडहून आणावें लागलें.

आतां माझ्या विरुद्ध बाजूचें सांगितलें पाहिजे. त्या कारखान्यांतल्या कामगाराचें बँजोवादन सर्वांत सुरेख असे. एका गुरुवारीं चहाच्या, म्हणजे त्यांच्या कॉफीच्या, वेळीं मीं त्यास विचारलें कीं तुमच्या कारखान्याविषयीं एखादें गीत कां करीत नाहीं? तो हंसला. म्हणाला, आठवडाभर तोच खडखडाट ऐकतों. तो विसरण्यासाठीं तर येथें येतों. मी निरुत्तर झालों, आणि अजूनहि पुरता सावरलों नाहीं. विसरण्यासाठीं गाणें हेंहि गाण्याचें मोठें काम आहे. ती झोंपडी त्याच्या आजोबांची असेल, पण गुरुवारच्या रात्रीं दोन तास ती त्याची होते. ती मोडावयास सांगणारा मी कोण?

हेझल डिकन्स ह्या बाईंचें नांव मला त्या वेळीं ठाऊक असतें, तर तें मीं त्याला सांगितलें असतें. वेस्ट व्हर्जिनियांतील गरीब कुटुंबांतली ही मुलगी बाल्टिमोरच्या कारखान्यांत राबली, आणि कोळशाच्या धुळीनें फुप्फुसें निकामी होऊन मेलेल्या आपल्या भावावर तिनें 'ब्लॅक लंग' हें गीत केलें. भाषा साधी, आवाज धारदार, चाल जुनीच. रॉकचा तेथें संबंध नाहीं. जें बेरी आणि लेनन ह्यांच्याकडून शिकावें असें मी मघांपासून सांगत आहें, तें ह्या बाईनें आपल्या घरच्या दुःखाकडूनच शिकून घेतलें होतें. तें गीत त्या कामगाराला आवडलें असतें कीं नाहीं, हें मात्र मी सांगूं शकत नाहीं.

कॉफी संपली. त्यानें बँजोच्या तारा पिळून सारख्या केल्या, आणि शेजारच्या दांतांच्या डॉक्टरानें 'ब्ल्यू मून ऑफ केंटकी' सुरू केलें, तीन मात्रांत, अगदीं संथ. एक कडवें, ध्रुवपद. मग कोणीं डोळ्यानेंसुद्धां खूण केली नाहीं, आणि सगळें कडें एकदम चारांत धांवूं लागलें.